गोळीच्या आधीची पावती : फर्ग्युसन, अमेरिकी पोलीस आणि कृष्णवर्णीय वस्त्या

नदीकाठ (धागाकर्ता)

मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसच्या विमानतळापासून नॅचरल ब्रिज रोडने पूर्वेकडे निघाले, की दहा-पंधरा मिनिटांत आपण किती गावांच्या वेशी ओलांडल्या हे नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. सेंट लुईस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अशी सुमारे नव्वद लहान लहान गावे होती आणि त्यांपैकी बहुतेकांचा महापौर वेगळा, न्यायालय वेगळे आणि बऱ्याच ठिकाणी पोलीस दलही वेगळे. याच रस्त्यावरच्या विद्यापीठात शिकत असताना ग्रंथालयात रात्रपाळीला माझ्याबरोबर एक कृष्णवर्णीय सहकारी असत, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. कधी कधी ते मला त्यांच्या गाडीतून घरी सोडत आणि तीन मैलांच्या अंतरासाठी पाच मैलांचा वळसा घेत. डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेला त्यांनी रबर लावून कागदांचा एक गठ्ठा अडकवला होता. निरनिराळ्या गावांच्या न्यायालयांत भरलेल्या दंडाच्या त्या पावत्या होत्या. इतक्या जुन्या पावत्या कशाला जपून ठेवता, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले की दंड भरूनही नोंद व्हायची राहून जाते, मग एखाद्या रात्री गाडी अडवली जाते तेव्हा आपल्या नावाने वॉरंट निघालेले असते आणि त्या क्षणी हाताशी कागद नसला तर सकाळ कोठडीत उजाडते.

अमेरिकेतल्या पोलीस गोळीबारांविषयी बोलताना आपण बहुधा चापावरच्या बोटापासून सुरुवात करतो. तो अधिकारी वर्णद्वेषी होता का, समोरच्याच्या हातात काय होते, चित्रफितीत काय दिसते, यांवर वाद होतो आणि तिथेच संपतो. माझ्या मते शोध कितीतरी आधी, त्या पावत्यांच्या गठ्ठ्यापासून सुरू केला पाहिजे.

९ ऑगस्ट २०१४ रोजी भर दुपारी याच काउंटीतल्या फर्ग्युसन गावातल्या कॅनफिल्ड ड्राइव्ह या रस्त्यावर डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळ्यांनी मायकल ब्राऊन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. त्याचा मृतदेह सुमारे चार तास रस्त्यावर पडून होता आणि त्या चार तासांत गोळा झालेल्या शेजाऱ्यांनी जे पाहिले, त्यातून पुढचे सगळे पेटले. संघराज्याच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिल्या अहवालाने विल्सनवर नागरी हक्कभंगाचा खटला भरता येणार नाही असे सांगितले आणि ब्राऊनने शरणागतीसाठी हात वर केले असताना गोळी घातली गेली, या सर्वत्र पसरलेल्या कथनाला विश्वासार्ह पुरावा नसल्याचेही नोंदवले. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरा अहवाल गावाच्या पोलीस खात्याविषयी आणि न्यायालयाविषयी होता. फर्ग्युसनची वस्ती सुमारे २१ हजार, त्यात कृष्णवर्णीय ६७ टक्के. २०१२ ते २०१४ या काळात अडवलेल्या वाहनचालकांत त्यांचे प्रमाण ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के आणि अटकांत ९३ टक्के होते. झडती घेण्याची वेळ येई तेव्हा ती गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात कृष्णवर्णीयांची होई, पण बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण मात्र त्यांच्याकडेच कमी होते. त्या गावात ‘रस्त्यावरून चालण्याची रीत’ असा एक गुन्हा होता आणि त्याखाली नोंदवलेल्या आरोपांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीयांवर होते. मायकल ब्राऊन आणि त्याचा मित्र त्या दुपारी रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि विल्सनने गाडी थांबवून पहिले वाक्य उच्चारले ते पदपथावरून चालण्याविषयीचे. ब्राऊनने जवळच्या दुकानातून सिगारिलो, म्हणजे छोट्या सिगार, उचलल्याची बाब खरी आहे आणि त्या चोरीतल्या संशयितांच्या वर्णनाशी हे दोघे जुळतात हे विल्सनच्या लक्षातही आले. तरीही गाठ पडली ती चालण्यावरून, हे मला विसरता येत नाही.

पोलीस इतके का अडवत होते, याचे उत्तर गावाच्या अंदाजपत्रकात आहे. २०१५ च्या अंदाजपत्रकात सर्वसाधारण निधीच्या सुमारे १.३३ कोटी डॉलरांपैकी सुमारे ३१ लाख डॉलर दंड आणि शुल्क यांतून येतील असे धरले होते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. विक्रीकर घटतो आहे, तेव्हा पावत्या फाडण्याचा वेग वाढवल्याखेरीज पुढील वर्षीची वसुली वाढणार नाही, असे गावाच्या वित्त अधिकाऱ्याने २०१० मध्ये पोलीस प्रमुखांना लेखी कळवले होते. एका बाईने २००७ साली एकदाच चुकीच्या जागी गाडी उभी केली. दोन पावत्या, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. हप्ते चुकले, तारखा चुकल्या, दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले. त्यांनी ५५० डॉलर भरले आणि २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्याकडून आणखी ५४१ डॉलर येणे बाकी होते. त्याच महिन्यात या एवढ्याशा गावाच्या न्यायालयाची १६ हजारांहून अधिक माणसांवर वॉरंटे होती.

वसुलीसाठी गाडी अडवायची, न भरल्यास वॉरंट काढायचे, वॉरंट असलेला माणूस पोलीस दिसताच बिथरणार आणि तो बिथरला की पोलिसाचा हात पिस्तुलाकडे जाणार, ही साखळी मला या प्रश्नाच्या मुळाशी दिसते. येथील जाणकारांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

निवृत्त_फौजदार

धागा विचारपूर्वक लिहिला आहे. माझी सारी नोकरी महाराष्ट्र पोलीस दलात गेली आणि सरावाचे मैदान सोडले तर माझ्या पिस्तुलातून एकही गोळी सुटली नाही. रात्रीच्या नाकाबंदीत मी हजारो गाड्या थांबवल्या असतील. काचेतून आत डोकावून कागदपत्रे मागताना आतला माणूस गोळी घालील हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, कारण तशी शक्यता फारच थोडी होती.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे टेक्सासला असताना तिथल्या एका गावाच्या पोलिसांनी नागरिकांसाठी चालवलेल्या वर्गांना मी जात असे. एका संध्याकाळी त्यांनी आम्हालाच पोलीस करून मैदानात उभ्या केलेल्या गाडीकडे पाठवले. मागून जायचे, डिकीच्या झाकणावर हात ठेवून ती बंद असल्याची खात्री करायची, चालकाच्या खांद्यामागे थांबायचे आणि नजर सतत त्याच्या हातांवर ठेवायची. माझी पाळी आली तेव्हा चालक झालेल्या शिक्षकाने आसनाखालून लाकडी पिस्तूल काढून माझ्यावर रोखले. मी ‘मेलो’ होतो. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या देशात माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत, तिथला पोलीस दर गाडीकडे असाच जातो. ७ जुलै २०१६ रोजी डॅलसमध्ये पोलीस गोळीबारांच्या निषेधाच्या मोर्चाला बंदोबस्त देणाऱ्या पाच पोलिसांना एका माणसाने गोळ्या घालून ठार केले. त्या दलांमध्ये हा दिवस कोणी विसरलेले नाही.

तेव्हा वसुलीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु भीतीचा मुद्दा त्याच्या शेजारी ठेवावा. तसेच त्या देशात सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस दले आहेत. प्रत्येकाची भरती निराळी, शिस्त निराळी. जर्मनीत पोलीस घडवायला अडीच-तीन वर्षे घेतात आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काही महिन्यांत माणूस पिस्तूल लावून रस्त्यावर येतो.

हिमवर्षा

मी मिनेसोटात राहते. फौजदारसाहेबांनी जी भीती सांगितली ती शिकवली कशी जाते, याविषयी लिहिते. ६ जुलै २०१६ रोजी, म्हणजे डॅलसच्या आदल्याच दिवशी, आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या फॅल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील यांची गाडी हेरोनिमो यानेझ या अधिकाऱ्याने अडवली. मागचा दिवा बिघडल्याचे कारण सांगितले, पण मनात असे होते की चालकाचे रुंद नाक एका दरोड्यातल्या संशयितासारखे दिसते. कॅस्टील यांनी स्वतःहून, आदराने सांगितले की माझ्याजवळ बंदूक आहे. तिचा परवाना त्यांच्याकडे होता. पुढच्या काही सेकंदांत यानेझने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती.

कॅस्टील हे सेंट पॉलमधल्या एका माँटेसरी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करीत. कोणत्या मुलाला दूध चालत नाही आणि कोणाला काय वाढायचे नाही हे त्यांना तोंडपाठ असे. त्या रात्रीपूर्वी सुमारे चौदा वर्षांत पोलिसांनी त्यांची गाडी किमान ४६ वेळा अडवली होती, तीही बहुतेक वेळा किरकोळ कारणांसाठी. नदीकाठ, तुम्ही म्हणता ती साखळी इथे मला कडीकडीने दिसते. यानेझने दोन वर्षे आधी ‘योद्धा’ पोलीस घडवण्याच्या नावाने चालणाऱ्या एका खाजगी प्रशिक्षणात भाग घेतला होता. अशा वर्गांत क्षणाचा विलंब म्हणजे मृत्यू, हे मनावर पुन्हा पुन्हा बिंबवले जाते. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. त्या शाळेतल्या मुलांना आईवडिलांनी हे कसे समजावले असेल, याचा विचार मी अजूनही करते.

वकील_नागपूर

यानेझ निर्दोष कसा सुटला, याचे उत्तर कायद्यात आहे आणि त्या कायद्याच्या मुळाशी संत्र्याच्या रसाची एक बाटली आहे. १९८४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात डिथॉर्न ग्रॅहम या मधुमेही कृष्णवर्णीय गृहस्थांना साखर एकदम उतरल्याचे जाणवले, म्हणून मित्राच्या गाडीतून ते दुकानात रस घ्यायला गेले. पैसे देण्यासाठीची रांग लांब होती, म्हणून ते घाईने बाहेर आले आणि मित्राला दुसरीकडे चल म्हणाले. त्यांची ती लगबग कॉनर या पोलिसाला संशयास्पद वाटली. त्याने गाडी अडवली, आणखी पोलीस आले, ग्रॅहम यांना शुद्ध हरपत असताना बेड्या घातल्या, हा दारू प्यायला आहे असा निष्कर्ष काढला आणि मित्राने आणलेला रसही त्यांना घेऊ दिला नाही. त्यांच्या पायाचे हाड मोडले. दुकानात काहीच घडले नव्हते हे कळल्यावर त्यांना घरी सोडण्यात आले.

या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवून दिले की पोलिसाने वापरलेले बळ त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने तपासावे, नंतर कळलेल्या गोष्टींवरून नव्हे. तत्त्व म्हणून यात गैर दिसत नाही. व्यवहारात मात्र ज्युरीपुढचा प्रश्न ‘गोळी घालणे आवश्यक होते का’ असा न राहता ‘त्या क्षणी भीती वाटणे समजण्यासारखे होते का’ असा होतो. कृष्णवर्णीय शरीराची भीती समाजात आधीच रुजलेली असेल, तर ती भीतीच ‘समंजस’ ठरते. हा निकाल येण्यापूर्वी, १९८५ मध्ये, त्याच न्यायालयाने पळणाऱ्यावर केवळ तो पळतो म्हणून गोळी घालण्यास मनाई केली होती. मेम्फिसमध्ये पंधरा वर्षांचा एडवर्ड गार्नर कुंपण चढत असताना पाठमोरा मारला गेला होता आणि त्याच्याजवळ दहा डॉलर सापडले होते. दिवाणी दाव्यांत पोलिसांना मिळणारे विशेष संरक्षण हा आणखी एक अडसर आहे. यापूर्वीच्या निकालांत अगदी तशाच कृतीला बेकायदा म्हटलेले नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा सुनावणीपूर्वीच निकाली निघू शकतो.

तर्कनिष्ठ

भावना समजू शकतो, पण आकडे पूर्ण मांडावेत अशी विनंती करतो. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दर वर्षी सुमारे हजार माणसे मरतात आणि त्यांत गोऱ्यांची संख्या कृष्णवर्णीयांहून अधिक असते. मरणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे शस्त्र असते. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, यांनी २०१६ साली मांडलेल्या अभ्यासात ह्यूस्टनमधल्या गोळीबारांत वर्णभेद आढळला नव्हता. आणि ज्या वस्त्यांत खून अधिक होतात तिथे पोलीस अधिक असणार, हेही मान्य करायला हवे.

नदीकाठ (धागाकर्ता)

तर्कनिष्ठ, आपले मुद्दे गंभीर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गोऱ्यांची संख्या अधिक आहे, कारण त्यांची लोकसंख्या अधिक आहे. लोकसंख्येच्या सुमारे १३-१४ टक्के असलेले कृष्णवर्णीय गोळीने मेलेल्यांत साधारण चौथा हिस्सा असतात, म्हणजे दर लाखामागे त्यांचा धोका गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतो. हे प्रमाण २०१५ पासून वर्षानुवर्षे फारसे हललेले नाही.

फ्रायर यांचा अभ्यास मी आदराने वाचला आहे आणि त्याचा दुसरा अर्धा भागही इथे यायला हवा. ढकलणे, भिंतीला टेकवणे, बेड्या घालणे अशा गोळीहून खालच्या बळाच्या बाबतीत कृष्णवर्णीयांना ते भोगावे लागण्याची शक्यता न्यूयॉर्कच्या आकडेवारीत गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त आढळली होती. शिवाय पोलिसांच्या नोंदींत येतात ती अडवलेलीच माणसे. मुळात कोणाला अडवायचे यातच भेद झाला असेल, तर अडवल्यानंतरची तुलना तो भेद झाकून टाकते. पुढे इतर संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. कॅस्टील ४६ वेळा अडवले गेले, हा आकडा अशा तुलनेत कुठेच येत नाही.

खुनांविषयी आपण म्हणता ते खरे आहे आणि त्या वस्त्यांतल्या माणसांइतके ते कोणालाच ठाऊक नाही. माझ्या त्या सहकाऱ्यांचा पुतण्या उत्तर सेंट लुईसमध्ये मारला गेला. मारेकरी सापडला नाही आणि तपास अधिकारी दोनदा येऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. गाडीचा दिवा बिघडला तर गावाचे पोलीस मिनिटभरात हजर होतात, मुलगा मेला तर कोणी येत नाही, असे त्यांनी ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर बसून मला सांगितले, आवाज न चढवता. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या खुनांचा छडा गोऱ्यांच्या खुनांपेक्षा कमी वेळा लागतो. ज्यांना पोलिसांकडून पावत्याच मिळाल्या, ते साक्ष द्यायला पुढे येत नाहीत, मग गुन्हा उघडकीस येत नाही आणि तरुण स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक बाळगू लागतात. फौजदारसाहेब म्हणतात ती भीती इथेही तयार होते.

निवृत्त_फौजदार

साक्षीदार न मिळणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे. वस्तीने तोंड फिरवले की पोलीस आंधळा होतो.

आणखी एक बाब नोंदवतो, कारण ती आमच्या कामाची आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँडमध्ये टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन फिरत होता. फोन करणाऱ्याने नियंत्रण कक्षाला सांगितले होते की ते बहुधा खोटे आहे आणि तो बहुधा अल्पवयीन आहे. यातले काहीही गस्तीवरच्या गाडीपर्यंत पोहोचवले गेले नाही. गाडी थेट मुलाच्या पुढ्यात नेऊन उभी केली गेली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. बिनतारी संदेश अर्धा देणे आणि अंतर न राखता गाडी अंगावर नेणे, या दोन्ही चुका कोणत्याही देशात चुकाच आहेत. त्यातून तो गोळी झाडणारा अधिकारी आधीच्या गावाच्या दलात मानसिकदृष्ट्या अयोग्य ठरलेला होता. त्याने राजीनामा दिला आणि मोठ्या शहराने जुनी नोंदवही न उघडताच त्याला भरती केले. ‘क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो’ असे म्हणताना तो क्षण आपणच इतका लहान केला, हे पोलिसाने विसरू नये.

शर्वरी_अटलांटा

मी आई म्हणून लिहिते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी पदपथावरून फेरफटका मारत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन करून एक सडपातळ काळा माणूस घरांकडे पाहत फिरतो आहे असे कळवले. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना पाय घालून जमिनीवर आपटले आणि त्यांच्या मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. दोन वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला मुक्त केले. आमच्या मंडळात तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘त्यांना चुकून काळा समजले’ अशी होती. काळा असता तर चालले असते का, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही, मीही नाही. आज त्याची मला लाज वाटते.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, रंगाने सावळा. त्याला गाडीचा परवाना मिळाला त्या आठवड्यात शेजारच्या कृष्णवर्णीय ताईंनी त्याला आणि स्वतःच्या मुलाला आपल्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवले. गाडी थांबव, आतला दिवा लाव, दोन्ही हात चाकावर ठेव, कागद काढण्यापूर्वी विचार, वाद घालू नकोस, मला फोन नंतर कर. टेबलावर ताटे ठेवून त्यांनी दोघांकडून ते करून घेतले, ताट म्हणजे चाक. त्यांच्या मुलाला हे सगळे पाठ होते, कारण त्याने ते सहाव्या वर्षापासून ऐकले होते. माझा मुलगा हसला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरून पुन्हा ताटावर ठेवला. धाग्याच्या लेखकांना विचारते, इतक्या वर्षांत फर्ग्युसनमध्ये काही पालटले का?

नदीकाठ (धागाकर्ता)

शर्वरीताई, काही पालटले आणि ते थोडके नाही. मिसूरी राज्याने २०१५ मध्ये कायदा करून वाहतूक दंडातून गावाने किती उत्पन्न घ्यावे यावर कडक मर्यादा आणली. आमच्या काउंटीसाठीची १२.५ टक्क्यांची वेगळी मर्यादा पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, तरी इतर गावांप्रमाणे २० टक्क्यांची मर्यादा लागू राहिली. २०१६ मध्ये गावाने न्याय खात्याशी न्यायालयाच्या देखरेखीखालचा करार केला, तोही आधी अटी बदलू पाहून आणि खात्याने दावा ठोकल्यावर. बळाच्या वापराचे नियम नव्याने लिहिले गेले आणि हजारो जुनी वॉरंटे रद्द झाली. २०१४ मध्ये पन्नासहून थोड्या अधिक पोलिसांत मोजके तीन-चार कृष्णवर्णीय होते, ते २०२४ पर्यंत निम्म्याहून अधिक झाले आणि पोलीस प्रमुखही कृष्णवर्णीय होते. अशा करारांमागे संघराज्याचे बळ लागते आणि मे २०२५ मध्ये न्याय खात्याने मिनियापोलिस व लुइव्हिल या शहरांच्या पोलीस दलांविषयीच्या प्रस्तावित करारांतून अंग काढून घेतले, याची मला काळजी वाटते.

९ ऑगस्ट २०२४ रोजी मायकल ब्राऊनच्या मृत्यूला दहा वर्षे झाली, त्या रात्री साउथ फ्लोरिसंट रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यासमोर लोक जमले होते. काहींनी कुंपण हलवायला सुरुवात केली, तेव्हा पोलीस त्यांना अटक करायला बाहेर आले. त्या झटापटीत एका निदर्शकाच्या धडकेने एक पोलीस अधिकारी डोक्यावर आदळला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तो अधिकारी कृष्णवर्णीय होता. फर्ग्युसनच्या दलात बदल घडवण्याच्या कामात आपला हातभार लागावा म्हणून तो त्याच वर्षी तिथे रुजू झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या त्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, त्याच भागात राहतात. त्यांनी त्या अधिकाऱ्याच्या आईविषयी विचारले, ती कुठे असते, तिच्याजवळ कोणी आहे का. मला ठाऊक नव्हते. मग गाडीतल्या पावत्यांविषयी मी विचारले. गठ्ठा अजून तिथेच आहे, म्हणाले, फक्त रबर बदलले.